सोलापूरच्या माळावरील काळवीट: नरांचा इतिहास, माद्यांचा वारसा

उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा आणि करमाळा या तालुक्यांतील मुरमाड माळ हे काळविटाचे जुने वसतिस्थान आहे. बोलण्यात त्याला हरीणच म्हणतात. प्राणिशास्त्र मात्र त्याला सांबर-चितळांबरोबर न ठेवता गायी-शेळ्यांच्या कुळात ठेवते. सांबराची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची पिळदार शिंगे जन्मभर टिकतात आणि ती सहसा नरालाच असतात. काळा-पांढरा रंगही पूर्ण वाढलेल्या नराचाच. मादी आणि पाडस पिवळट तपकिरी. माणसाची नजर आधी नरावर पडली, त्यामुळे काळविटाचा लिखित इतिहास जवळजवळ सगळा नरांचा आहे.

हा इतिहास बराच जुना आहे. कृष्णसार मृग, म्हणजे काळवीट, जिथे आपसूक वावरतो तो देश यज्ञाला योग्य, असे मनुस्मृती सांगते. मुंजीत बटूला कृष्णाजिन, म्हणजे त्याचे कातडे, देण्याची, पुढे त्याचा लहानसा तुकडा गळ्यात बांधण्याची चाल महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. मोगल दरबारात माणसाळवलेला चित्ता काळविटावर सोडत. कोल्हापूर संस्थानात ही शिकार विसाव्या शतकातही चालू होती. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. शिकारीवर जगणाऱ्या पारध्यांपैकी काही चित्ते पाळत, तर फासेपारधी हरणांच्या वाटांवर फासे लावत. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याने या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि अनेक कुटुंबांना सोलापुरातल्या तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंटमध्ये कोंडले. तो कायदा 1952 साली रद्द झाला. शिकार राजाने केली तर शौक आणि पारध्याने केली तर गुन्हा, हा भेदही या इतिहासाचाच भाग आहे.

या शौकाच्या शिकारीत एक गोष्ट नकळत घडत होती. मान मोठ्या शिंगांच्या काळ्या नराला होता, म्हणून मारला जाई तो बहुतेक नर. काळविटाचा एक नर अनेक माद्यांशी जुगतो. काही नर गेल्याने जन्मणाऱ्या पाडसांची संख्या फारशी घटत नाही. खरा घाव स्वातंत्र्याच्या आगेमागे बसला. जीप, बंदूक आणि रात्रीचा प्रखर दिवा हाती आल्यावर नर-मादी पाहण्याची गरजच उरली नाही. मुंबई राज्याने 1951 मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, तरी देशभर काळविटांचे कळप विरळ होत गेले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले.

कळप टिकतो तो माद्यांवर. गर्भ साधारण सहा महिने वाढतो आणि सहसा एकच पाडस जन्मते. पहिले काही दिवस ते गवतात दडून निपचित पडून राहते. आई दूर चरते, मधूनमधून येऊन पाजते आणि वासाने लांडग्याला माग लागू नये म्हणून पाडसाची विष्ठा चाटून साफ करते. पाडस कुठे दडवायचे आणि दूध किती उतरेल, हे तिच्या अंगच्या ताकदीवर आणि तिच्या भोवतालच्या गवतावर ठरते. नराचा हातभार बीजापुरताच. पाडसाला आईकडून अर्धी जनुके मिळतात, शिवाय तिने दिलेली सुरुवातही मिळते. दणकट आईचे पाडस दणकट निघाले, तर ते रक्तामुळे की दुधामुळे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

हा गुंता सोडवायला पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ लागते. अशी नोंद स्कॉटलंडच्या रम बेटावरील तांबड्या हरणांची आहे. तिथे 1953 पासून अभ्यास होतो आणि 1970 च्या दशकापासून एकेक जनावर ओळखून त्याचा जन्म, वीण आणि मृत्यू टिपला जातो. कळपात वरचढ असलेल्या माद्यांना मुलगे अधिक होतात, असे टिम क्लटन-ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवले. हरणांची दाटी वाढल्यावर तो कल मावळला, असे 1999 मध्ये दिसून आले. जन्मवेळच्या वजनावर आईची छाप पडते आणि कमी वजनाची पाडसे अधिक दगावतात, हेही तिथे सिद्ध झाले. सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष 2007 चा: विणीत यशस्वी ठरणाऱ्या नरांच्या मुली विणीत सरासरीने मागे पडत होत्या. म्हणजे उत्तम नराची संतती सगळीच उत्तम, हा शिकाऱ्यांचा आणि पैदासकारांचा लाडका समज रानात टिकत नाही.

सोलापूरच्या माळाला हे लावून पाहताना अर्थातच जपून पाहावे लागते: रम बेट थंड आणि ओले, सोलापूर अवर्षणाचे; तिथे लांडगा नाही, इथे आहे. पण आईच्या पोटात पडणारे गवत दोन्हीकडे निर्णायक आहे, आणि सोलापुरात त्याचा इतिहास माणसाने घडवला. 1972 च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नजसारख्या ठिकाणी माळाचे तुकडे चराईबंद करून राखले गेले. तिथे पवन्या, कुसळी, मारवेल ही गवते पुन्हा उभी राहिली. माद्यांना चारा मिळाला आणि पाडसांना आडोसा. त्याच तुकड्यांत ग्लिरिसिडियासारखी झाडे दाटीने लावणे ही मात्र चूक होती. माळ मोकळा हवा असणाऱ्या जनावरांना जंगल देऊ केले गेले.

1979 मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर, पण त्यात वन विभागाची जमीन थोडी आणि शेते-गावे फार. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आले. शेजारी कर्जत तालुक्यात 1980 मध्ये अवघ्या 2.17 चौरस किलोमीटरचे रेहेकुरी काळवीट अभयारण्य झाले. ज्याच्या नावाने मोठे अभयारण्य झाले तो माळढोक नान्नजहून जवळजवळ नाहीसा झाला. ज्याच्यासाठी ते नव्हते तो काळवीट वाढला. माळ मोडून ऊस आला, तसे कळप ज्वारी-हरभऱ्यात उतरू लागले. पिकाच्या नुकसानीची भरपाई वन विभाग देतो, तरी शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही.

ज्वारीच्या काढणीत एखादे पाडस एकटे पडलेले सापडते आणि अनाथ समजून लोक ते घरी आणतात. बहुतेक वेळा त्याची आई जवळच चरत असते. असे पाडस उचलू नये. तेवढी ताटे उभी ठेवून माणसांनी दूर व्हावे, आणि ते जखमी असेल तरच वन विभागाला कळवावे.