मास्तर कृष्णरावांची तबकडी

गवयाने राजकारणात पडू नये, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु एक गीत म्हणणे हाच जेथे अपराध ठरतो, तेथे गवयाला निराळे राजकारण करावे लागत नाही. त्याचे गाणेच राजकारण होते. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे तसेच झाले.

आळंदी येथे १८९८ साली जन्मलेले कृष्णराव हे भास्करबुवा बखले यांचे शिष्य. रंगभूमीवर व पुढे ‘प्रभात’च्या बोलपटांत त्यांचे नाव गाजले. कीर्ती भरात असताना ते जाहीर बैठकींतून ‘वंदे मातरम्’ गाऊ लागले. ब्रिटिश अमदानीत मुंबई नभोवाणीवर त्यांनी ते गीत आरंभिताच प्रक्षेपण बंद करण्यात आले. या मानी गवयाने तेव्हा नभोवाणीवरच बहिष्कार घातला. ज्याची उपजीविका कंठावर, त्याने हजारो श्रोत्यांचे दार आपल्या हाताने लावून घ्यावे, हा त्याग लहान नव्हे.

१९४७ साली स्वातंत्र्य आले आणि राष्ट्रगीताचा प्रश्न उभा राहिला. ‘वंदे मातरम्’ची चाल वाद्यवृंदाला मानवत नाही, असा आक्षेप निघाला. कृष्णरावांनी त्याला गाऊनच उत्तर दिले. झिंझोटी रागात त्यांनी चाल बांधली, ध्वनिमुद्रिका काढली व दिल्लीस जाऊन घटना समितीच्या सभासदांपुढे आपली बाजू मांडली.

त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर राग आळविणाऱ्या गवयाला हा अवकाश तोकडाच. पण येथे विद्वत्ता मिरवावयाची नव्हती. झिंझोटी हा लोकगीताला व भजनाला जवळचा राग. बीबीसारख्या गावच्या शाळेतील पोरांनाही एका सुरात म्हणता यावे, आणि बँडनेही वाजवावे, अशी चाल हवी होती. मोठ्या गवयाने लहानांच्या गळ्याचा विचार करावा, यातच त्या तबकडीची थोरवी आहे.

२४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले. ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला. कृष्णरावांचा आग्रह पुरता सफल झाला नाही. तरी ते रुसून बसले नाहीत. डॉ. आंबेडकरांच्या विनंतीवरून बुद्धवंदनेला त्यांनीच स्वरसाज चढविला. १९७४ साली ते निवर्तले. निर्णय सभागृहात होतात. परंतु गाणे टिकते ते जनांच्या कंठात, एवढे ही तबकडी सांगून जाते.