पाच बोटांचे अभय

मोरोक्कोमधील बूजाद हे गाव शर्कावी सूफी पंथाच्या मठामुळे विख्यात झाले. त्या मठाच्या छायेत मुसलमानांच्या शेजारी यहुदी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या नांदली. चित्रकार अहमद शर्कावी यांचा जन्म १९३४ मध्ये याच गावी झाला. अरबी अक्षरलेखनाचे शिक्षण त्यांना लहानपणीच लाभले. आणि आई बर्बर कुळातील असल्याने गोंदणाची सांकेतिक भाषाही त्यांना घरचीच होती.

वाईट नजरेची भीती या प्रदेशात धर्माची सीमा मानीत आलेली नाही. तान्ह्या बाळाला, नव्या नवरीला, भरल्या घराला दृष्ट लागू नये म्हणून पाच बोटांचा उघडा पंजा दारावर रंगवीत, गळ्यात घालीत. अरबीत त्यास 'खम्सा' म्हणतात. खम्सा म्हणजे पाच. हिब्रूतील 'हमेश' हा शब्द त्याचाच सहोदर होय. मुसलमान या पंजास पैगंबरांची कन्या फातिमा हिचा हात मानतात, तर यहुदी मोझेसची बहीण मिर्यम हिचा. वस्तुतः हे चिन्ह या दोन्ही नावांहून जुने असावे. कार्थेजच्या प्राचीन शिळांवरही उंचावलेला हात कोरलेला आढळतो.

ही भागीदारी केवळ समजुतीची नव्हती. ती ऐरणीवरची होती. मोरोक्कोत चांदीकाम हा बहुतांशी यहुदी कारागिरांचा व्यवसाय. बर्बर मुसलमान वधूच्या गळ्यातील पंजा पुष्कळदा यहुदी कारागिरानेच घडविलेला असे. घडविणारा एका धर्माचा, घालणारी दुसऱ्या धर्माची. मात्र भय एकच आणि त्यावरील उताराही एकच.

१९४८ मध्ये मोरोक्कोत सुमारे अडीच लक्ष यहुदी होते. पुढील दोन दशकांत त्यांतील बहुसंख्य इस्राएल, फ्रान्स व कॅनडा येथे निघून गेले. ऐरणी थंडावल्या. नेमक्या याच काळात पॅरिस व वॉर्सा येथे अध्ययन करून शर्कावी आपली चित्रभाषा घडवीत होते. पॉल क्ले यांच्या चित्रांतून चिन्हाचे सामर्थ्य त्यांना उमगले. परंतु त्यांची स्वतःची चिन्हे आली ती गोंदण, मातीची भांडी, चामडे आणि दागिने यांवरून. त्यांची हुबेहूब नक्कल मात्र त्यांनी केली नाही. गोणपाटासारख्या जाड्याभरड्या कापडावर ठसठशीत रेषा आणि गडद रंग यांतून त्यांनी त्या खुणांना नवे रूप दिले. काही चित्रांना तर त्यांनी 'ताईत' असेच नाव दिले.

१९६७ मध्ये, वयाची तेहतीस वर्षे पुरी होण्याआधीच, शर्कावी निवर्तले. १९७६ साली त्यांच्या चित्रकलेवर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत एदमों अमरान अल-मालेह हे मोरोक्कोचे यहुदी साहित्यिक होते. चांदीचा पंजा घडविणारे हात तोवर दूर देशी गेले होते. तरी त्या खुणांचा अर्थ सांगण्यास त्याच समाजातील एक हात पुढे आला.