मासे चढतात त्या रात्री

आधी पायातलं काढून हातात घ्या. या चिखलात चप्पल टिकत नाही, आणि आज रात्री तुम्हाला बांधावरून बांधावर पळायचंय. १९३५ सालचा मृग लागलाय. नाणे मावळातल्या एका भातखाचरात तुम्ही उभे आहात. दुपारपासून पावसाने झोडपलं, आत्ता कुठे जरा उघडीप आहे. कुणीतरी तुमच्या डोक्यावर इरलं ठेवलंय. वर्षभर ते चुलीवरच्या माळ्यात पडून होतं, त्यामुळे त्याला धुराचा वास येतोय. मान जरा जरी वाकवलीत, तरी गार पाण्याची धार थेट पाठीवरून खाली उतरते.

ऐका. बेडकांनी रान डोक्यावर घेतलंय, ओढा घोंगावतोय, आणि त्या सगळ्यावर माणसांचा गलका: "आरं, मोरी धर! मोरीपाशी उभा ऱ्हा!" पेटत्या चुडी काळोखातून इकडून तिकडे धावतायत. त्यांच्या ठिणग्या पाण्यात पडून चर्रर्र विझतात. पाणी तांबडं, गढूळ, घोट्याच्या जरासं वर. बायका पदर खोचून, पोरं लंगोटीवर, म्हातारे घोंगडीची खोळ घेऊन बांधावर. आज घरात कुणी नाही.

तेवढ्यात तुमच्या पोटरीला काहीतरी धडकतं. ओरडू नका, चढणीचे मासे आलेत.

उन्हाळाभर नदीच्या डोहात दडून राहिलेले हे मासे. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी नदीला मिळालं की ते प्रवाहाच्या उलट निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून चरात, चरातून या वीतभर पाण्याच्या खाचरात. इथे अंडी घालायची आणि पाणी ओसरायच्या आत परत फिरायचं, एवढंच त्यांचं काम. खाली वाका, हात घाला. शिंगट्याला मात्र जपा. त्याचा काटा हातात शिरला की कळ कोपरापर्यंत जाते. वांब तर धरलीशी वाटते आणि बोटांमधून निघूनही गेलेली असते. शेजारच्या पोराने मोरीला टोपली लावलीय आणि तीत फडफड इतकी आहे की त्याला दोन्ही हातांनी ती दाबून धरावी लागतेय. तुमचा सदरा खवल्यांनी आणि चिकट पाण्याने माखलाय. वास नाकातून जात नाही, आणि आणखी अर्ध्या तासाने तुम्हाला तो येईनासा होणार आहे.

पुढे घरी चुलीपाशी बसा. तव्यावर गाभोळी पडलीय, हळद-मिठाचा आणि लसणीचा धूर डोळ्यांत जातोय, भाकरी हातावर मिळतेय. खाता खाता तुमच्यातला आजचा माणूस जागा होईल आणि विचारेल: पोटात अंडी असलेला मासाच धरायचा? याला काही नियम नाही?

नियम आहे, पण कागदावर शोधू नका. तो त्या टोपलीत आहे. टोपली मोरीच्या तोंडाएवढी, चूड तासभराची, माणसाची पाठ दोन तासांत भरून येणारी, आणि चढण काही रात्रींचीच. शंभर मोऱ्यांपैकी दहांवर माणसं उभी असतात, बाकी नव्वदांमधून मासे निघून जातात. हात जेवढा पोचतो तेवढंच जातं. मला मावळातल्या जुन्या मासेमारीतलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

हात जास्त पोचायला लागला की काय होतं ते बघायचं असेल, तर दोन महिने मागे चला, चैत्रात. ऊन डोक्यात शिरतंय, कातळ तळपायाला चटके देतोय, ओढा तुटून त्याची डबकी झालीत. काठावर एक माणूस रामेठ्याची साल दगडावर ठेचतोय. तिचा उग्र वास घशात बसतो. ठेचा पाण्यात कालवला की थोड्या वेळात मासे वर येऊन कुशीवर वळतात. आधी मोठे, मग बोटाएवढे, मग जे खायच्याही कामाचे नाहीत असे नखाएवढे. डबक्यात एकही जीव उरत नाही. कायद्याने हा गुन्हा आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमात पाण्यात विष कालवणं आणि सुरुंगाची दारू उडवणं या दोन्हींना दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड लिहिलाय, आणि पोलिसाला वॉरंटशिवाय पकडता येतं. बोरघाट फोडून रेल्वे आली आणि पुढे वळवण, शिरवत्याची धरणं बांधली गेली, तेव्हापासून सुरुंग हा मावळाच्या ओळखीचा आवाज आहे. तो पाण्याखाली कसा वाजतो ते मी तुम्हाला ऐकवणार नाही. या डबक्यापाशी मात्र पोलीस नाही. तो दोन कोसांवर आहे, आणि ऊन फार आहे.

आता थंडीत चला, मार्गशीर्षातल्या एका पहाटे. तुमच्या हातात रॉकेलचा रिकामा डबा आणि काठी दिलीय, कारण तुम्ही हाकारी आहात. राजमाचीकडच्या कारवीत ओळीने पसरायचं, डबा बडवायचा, ओरडायचं. दंवाने धोतर गुडघ्यापर्यंत भिजलंय, कारवीचे दांडे हातांना ओरखडे काढतायत, आणि पन्नास जणांच्या आरडाओरडीत तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. पुढे कुठेतरी भेकर भुंकतं. एक रानकोंबडा फडफडत पायातून उठतो. मग बार होतो. दारूचा जळका वास धुक्यात लोंबकळत राहतो आणि सगळं रान एकदम गप्प. टेकाडापलीकडे लोणावळ्याच्या बंगल्यातले पाहुणे चहा पितायत. त्यांच्या खिशात परवाना आहे, आणि १९१२ च्या कायद्याखाली ठरवलेला बंदीचा हंगाम त्यांनी चुकवलेला आहे. सगळं रीतसर.

परतताना वाटेत वनरक्षकाने एका कातकऱ्याला उभं केलंय. त्याच्या हातात दोरीची फासकी, आणि फासकीत ससा एवढीच पिसोरी. १९२७ च्या वन अधिनियमात राखीव जंगलात नियम मोडून शिकार, मासेमारी, पाण्यात विष, सापळे, फासे, सगळं एकाच कलमात बसवलंय. कलम चुकीचं नाही. पिसोरीला ते हवंच होतं. पण एकाच रानात, एकाच सकाळी, परवाना घेऊन बार काढणारा चहा पितो आणि भुकेसाठी फास लावणारा मान खाली घालून उभा राहतो, हे बघून तुमच्या हातातला डबा जड होईल. व्हायलाच हवा. बंगल्यातल्या बंदुका थांबायला पुढचे कित्येक हिवाळे जायचे आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम येईल तो १९७२ साली, आणि शिकारीचे परवाने सरसकट बंद होतील ते १९९१ च्या दुरुस्तीने.

थंडी पुरे झाली. फाल्गुनातल्या बीजेला नदीच्या कडेने खाली देहूला उतरू. टाळांचा आवाज दोन शेतं अलीकडूनच छातीत वाजायला लागतो. ऊन, घाम, बुक्का, तुळस, ओली धोतरं. गर्दीत तुम्ही चालत नाही, नेले जाता. आणि मग पायाखाली एकदम गार दगड लागतो: घाट. समोर इंद्रायणीचा डोह, तुकोबांची गाथा तरली तो.

चुरमुऱ्यांची मूठ टाका. पाणी आधी काळं, शांत. मग तळातून एक सावली वर येते, दुसरी येते, आणि एकदम सगळा डोह उसळतो. महाशीर! हाताएवढे, पोराएवढे मासे, खवला खवला वेगळा दिसावा असे, तोंड उघडून तुमच्या पायरीशी. एकाची शेपटी पाण्याबाहेर आपटते आणि तुम्ही तोंडावर भिजता. शेजारची पोरगी खिदळते. आजूबाजूला हजारो माणसं आहेत, त्यातले कितीतरी जण घरी आवडीने मासे खाणारे. इथे एकाच्याही हातात गळ नाही. कुणी काढून बघावाच! पहिला हात पोलिसाचा पडणार नाही, घाटावरच्या बाईचा पडेल.

मृगाच्या रात्री खाचरात तुमच्या पोटरीला धडकलेला मासा अशाच कुठल्यातरी डोहातून निघालेला होता. नदीत असे खोल, न छेडलेले डोह शिल्लक राहिले, म्हणून वरच्या गावांना वर्षानुवर्षं चढण मिळाली. टोपली आणि डोह या दोघांनी मिळून ही नदी राखली. देहूत आजही देवाच्या डोहात कुणी गळ टाकत नाही, पण वरून येणाऱ्या सांडपाण्याला हा नियम कुणी सांगितलेला नाही, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

आता शेवटचा मुक्काम, लोणावळ्याचं वळवण, १९७० चं दशक. पाऊस आडवा येतोय, छत्री उघडूच नका. टाटांच्या तलावाकाठच्या मत्स्यबीज केंद्रात माणसं गुडघाभर पाण्यात उभी आहेत. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांच्या कामाने इथे महाशीरचं कृत्रिम प्रजनन जमलंय. एकाने मादी ओल्या फडक्यात धरलीय, दुसरा तिच्या पोटावरून अंगठा हळू मागे नेतो, आणि घमेल्यात पिवळीधमक अंडी सांडतात. नराचं वीर्य त्यावर, मग पिसाने हलकेच ढवळायचं. मादी लगेच पाण्यात परत. तीन-चार दिवसांत वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये वळवळ सुरू होते. जवळ वाका, वास घ्या. चढणीच्या रात्रीचाच वास आहे, फक्त इथे चूल नाही.

इथली पिल्लं देशभर गेली. २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या या निळसर परांच्या महाशीरला धोक्याच्या यादीतून उतरवलं. पण इथलंच बीज कावेरीतही सोडलं गेलं होतं. तिथे नारिंगी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला कावेरीचा स्वतःचा महाशीर होता. त्याच २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त ठरला, आणि त्याच्या घसरणीच्या कारणांत शास्त्रज्ञ आपल्या या पाहुण्याचंही नाव घेतात. जीव वाचवायला निघालेल्या चांगल्या माणसांच्या हातून हे झालं, म्हणून ते जास्त लागतं.

तेव्हा पिल्लांची पिशवी हातात घेण्याआधी विचारा, गाडी कुठे चाललीय. इंद्रायणी, पवना, आंद्रा असेल तर उचला आणि पळा, पाणी गरम व्हायच्या आत पोचायचंय. कावेरीला चालली असेल, तर पिशवी खाली ठेवा आणि त्या माणसाशी भांडा.