स्प्रेडशीटद्वारे टेस्ट केसचे नियोजन आणि मागोवा

स्प्रेडशीटद्वारे टेस्ट केसचे नियोजन आणि मागोवा ही सॉफ्टवेअर चाचणीतील एक प्रचलित कार्यपद्धती आहे. कोणत्या चाचण्या करावयाच्या, प्रत्येक चाचणीचा अपेक्षित निष्कर्ष काय आणि प्रत्यक्षात काय आढळले, यांची नोंद या पद्धतीत ओळी व स्तंभांच्या तक्त्यात ठेवली जाते. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क, गूगल शीट्स यांसारखी साधने वापरतात. लहान चमू, महाविद्यालयीन प्रकल्प आणि अल्प मुदतीची कामे यांत ही पद्धत विशेष आढळते. तक्ता स्वतः चाचणी करीत नाही. काय तपासले गेले आणि काय तपासावयाचे राहिले, हे तो दाखवतो. त्यामुळे त्याची उपयुक्तता नोंदींच्या अचूकतेवर अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

टेस्ट केस म्हणजे एका विशिष्ट तपासणीचे लेखी वर्णन. त्यात चाचणीपूर्वीची स्थिती, करावयाच्या कृती, द्यावयाची माहिती आणि अपेक्षित निष्कर्ष यांचा समावेश असतो. अपेक्षित निष्कर्ष चाचणीपूर्वीच लिहून ठेवणे महत्त्वाचे मानले जाते. तो आधी ठरलेला नसल्यास पडद्यावर जे दिसेल तेच बरोबर समजण्याची प्रवृत्ती होते. ग्लेनफोर्ड मायर्स यांनी ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ (१९७९) या ग्रंथात या मुद्द्यावर भर दिला होता.

त्याच वर्षी ‘व्हिजिकॅल्क’ हा वैयक्तिक संगणकावरील पहिला लोकप्रिय स्प्रेडशीट प्रोग्राम बाजारात आला. चाचणीच्या कागदपत्रांसाठीचे ‘आयईईई ८२९’ हे मानक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चाचणी योजना, टेस्ट केसचा तपशील, चाचणीची दैनंदिन नोंद, घटना अहवाल इत्यादी दस्तऐवजांची रूपरेषा होती. पुढे २०१३ मध्ये ‘आयएसओ/आयईसी/आयईईई २९११९-३’ या मानकाने त्याची जागा घेतली. या दस्तऐवजांपैकी टेस्ट केस आणि निष्कर्षांच्या नोंदी एकसारख्या स्वरूपाच्या असतात. त्यामुळे त्या तक्त्यात मांडणे सोयीचे ठरते.

## तक्त्याची रचना

सामान्यतः एका ओळीत एक टेस्ट केस लिहितात. प्रमुख स्तंभ पुढीलप्रमाणे असतात:

* ओळख क्रमांक: प्रत्येक टेस्ट केसला दिलेला, कधीही न बदलणारा क्रमांक. एखादी टेस्ट केस रद्द झाली तरी तिचा क्रमांक दुसरीस देत नाहीत.
* आवश्यकता: ही चाचणी ज्या अपेक्षेसाठी आहे तिचा संदर्भ.
* पूर्वस्थिती, कृती व माहिती: दुसऱ्या व्यक्तीला तीच चाचणी तशीच करता येईल इतका तपशील.
* अपेक्षित निष्कर्ष आणि प्रत्यक्ष निष्कर्ष.
* स्थिती: पास, फेल, अडलेली किंवा प्रलंबित. ‘अडलेली’ म्हणजे अन्य कारणाने करता न आलेली चाचणी.
* आवृत्ती, दिनांक, चाचणी करणारी व्यक्ती आणि आढळलेल्या दोषाचा क्रमांक.

स्थितीचा स्तंभ मोकळा न ठेवता ‘प्रलंबित’ असे लिहिण्याची शिफारस केली जाते. चाचणी झाली नाही की नोंद करावयाची राहिली, हे रिकाम्या सेलवरून कळत नाही.

## उदाहरण

भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात असलेला पिन कोड सहा अंकी असतो आणि त्याचा पहिला अंक शून्य नसतो. पत्ता भरून घेणाऱ्या एखाद्या काल्पनिक अर्जातील पिन कोडच्या रकान्यासाठी तक्ता असा होऊ शकतो:

| क्रमांक | दिलेली माहिती | अपेक्षित निष्कर्ष | प्रत्यक्ष निष्कर्ष | स्थिती |
|---|---|---|---|---|
| पिन-०१ | ४११००१ | स्वीकार | स्वीकार | पास |
| पिन-०२ | ४११०० | नकार | नकार | पास |
| पिन-०३ | ४११००११ | नकार | शेवटचा अंक गाळून स्वीकार | फेल |
| पिन-०४ | ०११००१ | नकार | – | प्रलंबित |
| पिन-०५ | ४११ ००१ | ठरलेले नाही | – | अडलेली |

पहिल्या तीन ओळींत सहा, पाच आणि सात अंक घेतले आहेत. मर्यादेवरील आणि तिच्या लगतची मूल्ये निवडण्याच्या या तंत्रास सीमामूल्य विश्लेषण म्हणतात. ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा कमी किंवा तितकेच’ यांतील गफलतीसारख्या चुका बहुधा सीमेवरच होत असल्याने हे तंत्र उपयोगी पडते. पाचवी ओळ वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. पिन कोड पत्रावर अनेकदा तीन अंकांनंतर जागा सोडून लिहितात. तसा लिहिलेला कोड स्वीकारावा की नाही, हे आवश्यकतेत सांगितलेले नसल्याने अपेक्षित निष्कर्ष लिहिता येत नाही. अशा प्रकारे प्रोग्राम चालवण्यापूर्वीच, केवळ तक्ता भरताना, आवश्यकतेतील त्रुटी लक्षात येते.

## नियोजन

नियोजनासाठी एका स्वतंत्र पानावर सर्व आवश्यकता ओळींत आणि टेस्ट केस स्तंभांत मांडून त्यांचा संबंध दाखवतात. यास ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स म्हणतात. ज्या आवश्यकतेसमोर एकही खूण नाही तिची चाचणी योजलेली नाही, हे त्यातून तत्काळ दिसते.

सर्व शक्य संयोग तपासणे बहुधा अव्यवहार्य असते. ब्राउझर, संगणक प्रणाली, भाषा आणि जोडणीचा प्रकार या चार घटकांचे प्रत्येकी तीन पर्याय असल्यास एकूण ८१ संयोग होतात. मात्र कोणत्याही दोन घटकांच्या पर्यायांची प्रत्येक जोडी एकदा तरी यावी एवढीच अट ठेवल्यास ९ संयोग पुरतात. उरलेल्या ७२ संयोगांची चाचणी जाणीवपूर्वक सोडली आहे, हेही योजनेत नोंदवणे आवश्यक असते.

## मागोवा आणि आकडेवारी

स्थितीच्या स्तंभात ठरावीक पर्यायांची यादी दिल्यास ‘पास’, ‘पास झाले’ आणि ‘ओके’ अशा भिन्न नोंदी टळतात. त्यानंतर काउंटइफ या सूत्राने प्रत्येक स्थितीची संख्या मोजता येते. अटीनुसार रंग बदलण्याच्या सुविधेने फेल झालेल्या ओळी उठून दिसतात, तर पिव्होट टेबलने विभागवार सारांश मिळतो.

टक्केवारी मांडताना छेद कोणता घेतला हे सांगणे आवश्यक असते. समजा, २०० टेस्ट केसपैकी १२० पास, २० फेल, १० अडलेल्या आणि ५० प्रलंबित आहेत. झालेल्या १४० चाचण्यांच्या तुलनेत यशाचे प्रमाण सुमारे ८६ टक्के येते. योजलेल्या सर्व चाचण्यांच्या तुलनेत ते ६० टक्केच भरते. दोन्ही आकडे गणिताने बरोबर असले, तरी केवळ पहिला आकडा दिल्यास ६० चाचण्या झालेल्याच नाहीत ही बाब झाकली जाते.

नवी आवृत्ती आल्यावर जुना निष्कर्ष पुसून त्याच सेलमध्ये नवा लिहिल्यास इतिहास नष्ट होतो. आधी पास झालेली चाचणी नंतर फेल झाली, हे मग कळत नाही. म्हणून टेस्ट केसचे वर्णन एका पानावर आणि चाचणीच्या प्रत्येक फेरीची नोंद दुसऱ्या पानावर स्वतंत्र ओळीत ठेवणे श्रेयस्कर मानले जाते.

## मर्यादा

स्प्रेडशीट काही नोंदी आपोआप बदलते. वरील तक्त्यातील ‘०११००१’ ही संख्या म्हणून भरल्यास सुरुवातीचे शून्य गळते आणि पाच अंकी ‘११००१’ उरते. परिणामी पिन-०४ ही शून्याची चाचणी न राहता पिन-०२ चीच पुनरावृत्ती होते, आणि नकार मिळाल्याने ती पासही दिसते. याच रीतीने ‘१.१०’ हा आवृत्ती क्रमांक ‘१.१’ होतो. एक्सेल संख्येचे १५ अंकच अचूक साठवत असल्याने सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. माहिती भरण्यापूर्वी संबंधित स्तंभाचे स्वरूप ‘मजकूर’ असे ठरवणे हा यावरील उपाय आहे. जनुकांच्या काही नावांचे एक्सेलमध्ये तारखांत रूपांतर होत असल्याने २०२० मध्ये मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. ‘मार्च१’ हे नाव ‘मार्चएफ१’ झाले.

ओळींची मर्यादा हा आणखी एक धोका आहे. एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात. २००७ पासूनच्या स्वरूपात १०,४८,५७६ मावतात. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविड चाचण्यांची माहिती जुन्या स्वरूपाच्या फाइलमध्ये घेतली जात असताना ही मर्यादा ओलांडली गेली. त्यामुळे १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. हे प्रकरण सॉफ्टवेअर चाचणीचे नसले, तरी तक्त्यात नसलेली नोंद कोणाच्या लक्षात येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

याशिवाय, एकच स्तंभ निवडून क्रमवारी लावल्यास निष्कर्ष भलत्याच टेस्ट केससमोर जातात. फाइलच्या प्रती ईमेलने फिरू लागल्यास अधिकृत प्रत कोणती, याबाबत गोंधळ होतो. एकाच प्रतीवर अनेकांना काम करू देणाऱ्या ऑनलाइन स्प्रेडशीटमुळे ही दुसरी अडचण बरीच कमी झाली आहे.

## पर्याय

टेस्टलिंक, टेस्टरेल तसेच जिरासोबत वापरली जाणारी झेफिर व एक्सरे ही टेस्ट केस व्यवस्थापनाची स्वतंत्र साधने आहेत. त्यांत प्रत्येक फेरीचा इतिहास, वापरकर्त्यांचे अधिकार आणि दोषनोंदींशी जोडणी यांची सोय असते. टेस्ट केसची संख्या वाढल्यावर किंवा स्वयंचलित चाचण्या सुरू झाल्यावर अनेक चमू अशा साधनांकडे वळतात. स्प्रेडशीटमधील ओळख क्रमांक आणि स्थितीच्या नोंदी सुसंगत असल्यास हे स्थलांतर सुलभ होते.

## हे सुद्धा पहा

* सॉफ्टवेअर चाचणी
* सीमामूल्य विश्लेषण
* मायक्रोसॉफ्ट एक्सेल
* पिन कोड