पॉइंट टू-टू रायफलीसाठी काडतुसांची निवड

पॉइंट टू-टू (.२२) रायफलीसाठी काडतुसांची निवड ही क्रीडा नेमबाजीतील एक महत्त्वाची प्रक्रिया आहे. विशिष्ट रायफलीच्या नळीतून, ठरावीक अंतरावर व ठरावीक हवामानात सर्वाधिक सातत्याने लक्ष्यवेध करणारे काडतूस चाचणीद्वारे शोधणे, असे तिचे स्वरूप असते. या रायफलीत वापरल्या जाणाऱ्या काडतुसाला '.२२ लाँग रायफल' असे नाव असून ते रिमफायर वर्गात मोडते. भारतात राष्ट्रीय छात्र सेनेच्या प्रशिक्षणापासून ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल स्पर्धांपर्यंत हेच काडतूस वापरले जाते. नाशिक, पुणे, मुंबई व कोल्हापूर ही महाराष्ट्रातील या खेळाची प्रमुख केंद्रे होत.

रचना

काडतुसाचे चार घटक असतात: पुंगळी, आघाताने पेटणारे मिश्रण, दारू आणि गोळी. लष्करी रायफलीच्या काडतुसात पेटणारे मिश्रण बुडाच्या मध्यभागी बसवलेल्या टोपीत असते. रिमफायर काडतुसात अशी स्वतंत्र टोपी नसते. पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली कडा असते, तिच्या आतील पोकळीत हे मिश्रण पसरवलेले असते. रायफलीची फायरिंग पिन कडेवर आदळताच कडा चेपली जाते, मिश्रण पेटते आणि त्या ज्वाळेने दारू जळू लागते.

या रचनेमुळे काडतूस स्वस्त व लहान राहते, परंतु तिच्या दोन मर्यादा आहेत. कडा चेपली जावी यासाठी पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, त्यामुळे आतील दाब फार वाढवता येत नाही. दुसरे असे की मिश्रण कडेच्या पोकळीत सर्वत्र सारखे पसरले नाही, तर प्रत्येक काडतुसाचे ज्वलन थोडे निराळे होते. स्वस्त व महाग काडतुसांतील खरा फरक बहुतांशी या सारखेपणाचा असतो. एकदा उडवलेली पुंगळी व्यवहारतः पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे नेमबाजाला स्वतः काडतूस सुधारण्यास वाव नसतो. उपलब्ध काडतुसांतून योग्य ते निवडणे एवढेच त्याच्या हाती राहते.

प्रमाणित गोळी शिशाची असून तिचे वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम असते. पुंगळीची लांबी सुमारे १५.६ मिलिमीटर आणि संपूर्ण काडतुसाची लांबी सुमारे २५ मिलिमीटर असते. गोळीवर मेणाचा किंवा वंगणाचा पातळ थर दिलेला असतो.

इतिहास

रिमफायर काडतुसाचे मूळ १८४५ च्या सुमारास फ्रेंच कारागीर फ्लोबेर याने केलेल्या रचनेत सापडते. १८५७ मध्ये अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीने आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसोबत '.२२ शॉर्ट' हे काडतूस बाजारात आणले. पुढे '.२२ लाँग' आले आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने '.२२ लाँग रायफल' तयार केले.

स्वतंत्र भारतात या खेळाला संघटित रूप देण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी मानली जाते.

वेगानुसार प्रकार

बाजारातील काडतुसे प्रामुख्याने वेगावरून ओळखली जातात.

१. प्रमाण वेगाची व ध्वनीपेक्षा कमी वेगाची काडतुसे: गोळीचा वेग नळीच्या तोंडाशी सेकंदाला साधारण ३१५ ते ३३० मीटर असतो. स्पर्धेची सर्व नामवंत काडतुसे या गटात येतात.

२. उच्च वेगाची काडतुसे: वेग सेकंदाला सुमारे ३८० मीटर. यांचा वापर परदेशात मुख्यतः लहान शिकारीसाठी होतो.

३. अतिउच्च वेगाची काडतुसे: ४० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरून वेग आणखी वाढवलेला असतो.

वेग जास्त म्हणजे काडतूस चांगले, हा नवशिक्यांचा सर्वसाधारण समज असतो. या रायफलीबाबत तो चुकीचा ठरतो. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने निघालेली गोळी हवेच्या रोधाने मंदावते आणि वाटेत ध्वनीचा वेग ओलांडून खाली येते. या संक्रमणात तिच्यावरील हवेचा दाब बदलतो आणि तिची स्थिरता ढळते. शिवाय ध्वनीच्या वेगापाशी रोध झपाट्याने वाढत असल्यामुळे उच्च वेगाची गोळी प्रवासात तुलनेने अधिक वेग गमावते. परिणामी आडव्या वाऱ्याने ती प्रमाण वेगाच्या गोळीपेक्षा जास्त सरकते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार भारतात शिकारीला बंदी आहे. त्यामुळे टोकाला पोकळी असलेल्या शिकारी गोळ्यांचा येथील क्रीडा नेमबाजाला उपयोग नसतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांप्रमाणे ५० मीटर रायफलीत शिशाची किंवा तत्सम मऊ पदार्थाची ५.६ मिलिमीटर व्यासाची गोळीच चालते.

सातत्याचे महत्त्व

५० मीटर रायफलीच्या लक्ष्यपटावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळीच्या छिद्राची कड या वर्तुळाला स्पर्शली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छिद्राचा मध्य केंद्रापासून जास्तीत जास्त ८ मिलिमीटर दूर असून चालतो. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. तेथे १०.९ हा सर्वोच्च गुण असून प्रत्येक ०.८ मिलिमीटरला एक दशांश गुण कमी होतो.

सेकंदाला ३२० मीटर वेगाने निघालेल्या गोळीला ५० मीटर अंतर कापण्यास सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती जवळजवळ १३ सेंटिमीटर खाली येते. दुसरी गोळी सेकंदाला १० मीटर कमी वेगाने निघाली, तर ती सुमारे ८ मिलिमीटर अधिक खाली लागते. नेम अचूक असूनही मध्यबिंदूवर बसायची गोळी केवळ वेगातील या फरकामुळे दहाच्या कडेवर जाते. चाचणीत छिद्रे उभ्या रेषेत पसरलेली दिसली, तर प्रथम काडतुसांच्या असमान वेगाचा संशय घेतात तो यामुळेच.

नळी आणि लॉट यांचा मेळ

एकाच कारखान्यात, एकाच मॉडेलच्या दोन नळ्या सलग बनवल्या तरी त्या एकाच काडतुसाला सारखा प्रतिसाद देतीलच असे नाही. चेंबरची मापे, आट्यांची धार, नळीच्या तोंडाची घडण व नळीची कंपने यांत सूक्ष्म भेद असतात. म्हणून 'सर्वोत्तम काडतूस' असे काही नसते. विशिष्ट नळीसाठी उत्तम असलेले काडतूस असते.

एकाच नावाच्या काडतुसांतही प्रत्येक उत्पादन-खेप वेगळी असते. तिला 'लॉट' म्हणतात व तिचा क्रमांक डबीवर छापलेला असतो. ब्रिटनमधील बर्मिंगहॅम येथील एली, फिनलंडची लापुआ, आणि जर्मनीतील आरडब्ल्यूएस व एसके ही या क्षेत्रातील प्रमुख नावे आहेत. बर्मिंगहॅम येथे एलीचे आणि जर्मनीतील शोनेबेक येथे लापुआचे चाचणी केंद्र आहे. तेथे नेमबाज स्वतःची रायफल यंत्रात घट्ट बसवून वेगवेगळे लॉट उडवून पाहतात आणि जुळलेला लॉट पुढील हंगामासाठी मोठ्या संख्येने विकत घेतात.

निवडीची चाचणी

परदेशी केंद्रापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या नेमबाजालाही स्थानिक रेंजवर पुढील क्रमाने चाचणी घेता येते.

१. रायफल टेकूवर किंवा वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवावी. शक्यतो वारा नसलेली वेळ किंवा बंदिस्त रेंज निवडावी.

२. काडतुसाचा प्रकार बदलताना नळी पुसून घ्यावी आणि पहिल्या दहा ते वीस गोळ्या मोजणीत धरू नयेत. प्रत्येक उत्पादकाचे वंगण निराळे असते व नव्या वंगणाचा थर नळीत बसेपर्यंत गोळ्या विखुरतात.

३. प्रत्येक लॉटच्या दहा गोळ्यांचे किमान चार संच ५० मीटरवर उडवावेत. पाच गोळ्यांचा एखादा सुंदर संच योगायोगानेही घडतो. त्यावर निर्णय घेऊ नये.

४. प्रत्येक संचातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर मोजावे. निवड करताना सर्वांत लहान संच पाहण्याऐवजी सर्व संचांची सरासरी आणि सर्वांत वाईट संच या दोहोंकडे लक्ष द्यावे. स्पर्धा साठ गोळ्यांची असते आणि एक भरकटलेली गोळी पदक हिरावू शकते.

५. निवडलेल्या लॉटचा क्रमांक, तापमान आणि निकाल यांची नोंद वहीत ठेवावी.

काही नेमबाज कडेच्या जाडीनुसार किंवा वजनानुसार काडतुसांची वर्गवारी करतात. स्वस्त काडतुसांत यामुळे थोडा लाभ होऊ शकतो. उत्तम लॉटमध्ये तो नगण्य असतो.

नाशिकचे हवामान

ध्वनीचा हवेतील वेग तापमानावर अवलंबून असतो. १० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असून तेथे हिवाळ्यातील पहाटे आणि उन्हाळ्यातील दुपारी यांच्या तापमानात मोठा फरक पडतो. सेकंदाला ३४५ मीटर वेगाची गोळी मे महिन्याच्या दुपारी ध्वनीपेक्षा मंद ठरेल, तर डिसेंबरच्या सकाळी ध्वनीपेक्षा वेगवान होऊन वाटेत अस्थिर होईल. सुमारे ३२५ मीटर वेगाचे काडतूस मात्र दोन्ही ऋतूंत ध्वनीच्या मर्यादेखाली राहते.

थंडीत गोळीवरील मेण कडक होते आणि दारूचे ज्वलनही बदलते. उन्हात तापलेल्या काडतुसांचा वेग वाढू शकतो. म्हणून डबी उन्हात उघडी ठेवू नये, तसेच चाचणी ज्या ऋतूत स्पर्धा आहे त्याच ऋतूत घ्यावी. पावसाळ्यात काडतुसे हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवतात.

महाराष्ट्रातील परंपरा

नाशिक येथील भोसला मिलिटरी स्कूलची स्थापना डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये केली. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी याच शाळेत शिक्षण घेतले. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेतून ते नेमबाजीकडे वळले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात त्यांनी ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक होय. या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेम धरावा लागतो.

त्यापूर्वी २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल झोपून या प्रकारात सुवर्णपदक जिंकले होते.

खर्च आणि उपलब्धता

स्पर्धेची उत्तम काडतुसे आयात करावी लागतात. एका डबीत ५० काडतुसे असतात. साठ गोळ्यांचा एक सामना व त्याआधीच्या सरावगोळ्या यांनाच दोन डब्या लागू शकतात. रोजच्या सरावाचा हिशेब धरल्यास रायफलीच्या किमतीपेक्षा काडतुसांचा आवर्ती खर्च हाच सामान्य कुटुंबातील खेळाडूपुढील मोठा अडसर ठरतो. त्यामुळे अनेक प्रशिक्षक दुहेरी पद्धत सुचवतात: स्थिती, श्वास व चाप दाबण्याचा सराव बिनगोळीचा किंवा मध्यम किमतीच्या काडतुसांवर करावा आणि चाचणीत जुळलेला लॉट निवड चाचण्या व स्पर्धा यांसाठी राखून ठेवावा. सरावाचे आणि स्पर्धेचे काडतूस एकाच उत्पादकाचे असल्यास वंगण बदलण्याचा त्रास टळतो.

राष्ट्रीय छात्र सेनेच्या छात्रांना काडतूस निवडण्याची मुभा नसते. त्यांचा गोळीबार साधारणपणे २५ यार्डांवर, म्हणजे सुमारे २३ मीटरवर होतो. एवढ्या अंतरावर काडतुसांतील भेद फारसे जाणवत नाहीत; पकड, नेम व चाप यांतील चुका अधिक परिणाम करतात.

कायदा

भारतात ही रायफल व तिची काडतुसे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या कक्षेत येतात. काडतुसे केवळ परवानाधारक विक्रेत्याकडून, परवान्यावर नमूद मर्यादेतच घेता येतात आणि खरेदीची नोंद होते. शस्त्र बाळगण्यासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा २१ वर्षे आहे. त्याहून लहान प्रशिक्षणार्थींना विहित अटींवर, देखरेखीखाली शस्त्र वापरता येते.

सुरक्षितता

- नळीवर कोरलेल्या नावाचेच काडतूस वापरावे. '.२२ मॅग्नम' हे काडतूस '.२२ लाँग रायफल'पेक्षा जाड व लांब असून दोन्ही एकमेकांच्या जागी वापरणे धोक्याचे आहे.
- लहान आकारामुळे या गोळीला कमी लेखू नये. ती सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि जीवघेणी ठरू शकते.
- चाप दाबूनही काडतूस उडाले नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे व नंतर रेंज अधिकाऱ्याच्या सूचनेप्रमाणे ते बाहेर काढावे.
- आवाज नेहमीपेक्षा क्षीण आल्यास पुढील गोळी झाडू नये. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते.
- गोळी व पेटणारे मिश्रण या दोहोंत शिसे असते. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.
- काडतुसे रायफलीपासून वेगळी, कुलपात व मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.