डोळे सर्वांत शेवटी : परळच्या मूर्तिशाळांमधलं रंगकाम

आज आपण परळ-लालबागच्या गणेशमूर्तींच्या रंगकामाकडे इतिहास म्हणून बघणार आहोत. पण सुरुवात एका खेळण्यापासून करू. सुटे प्लास्टिकचे भाग जोडून केलेलं छोटं विमान तुमच्यापैकी काहींनी हाताळलं असेल. त्याला एकसारखा करडा रंग दिला, की ते खेळणंच दिसतं. मग जाणकार माणूस काय करतो? पत्र्यांच्या जोडांच्या खाचांत पातळ काळपट रंग सोडतो. इंजिनाचा धूर जिथून निघतो तिथे काजळी दाखवतो, उन्हाने विटलेला पत्रा थोडा फिका करतो. एवढ्याशा खाचेत म्हणावी तशी सावली पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते.

हाच प्रश्न गिरणगावात उलट्या बाजूने आला. इथे वस्तू अवाढव्य होती.

थोडं मागे जाऊ. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि छायाप्रकाश दाखवणारी चित्रपद्धत इथे शिकवली जाऊ लागली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला. गालावर सावली असलेले, हाडामांसाचे वाटणारे देव घरोघरी भिंतीवर आले. त्याच्या आदल्याच वर्षी गणेशोत्सव सार्वजनिक झाला होता. म्हणजे बघा, उत्सव चौकात आला आणि लोकांची देव बघण्याची नजरही त्याच सुमारास बदलत गेली.

मग गिरणी कामगारांची मंडळं आली. गणेश गल्लीचं १९२८ सालचं, लालबागच्या राजाचं १९३४ सालचं. गणेश गल्लीने सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने १९७७ साली २२ फुटी मूर्ती बसवली. मूर्तिकार होते दीनानाथ वेलिंग. उंचीची ओढ पुढे वाढतच गेली. प्लास्टर आणि काथ्या वापरल्यामुळे एवढी मूर्ती वजनाला पेलवत होती, पण रंगाऱ्यापुढे नवंच कोडं पडलं. तो परांचीवर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर बसलेला असतो. भक्त मात्र पायाशी उभा राहून मान वर करून बघतो. जवळून सुबक वाटणारी नाजूक रेघ खालून दिसतच नाही!

याच परळमध्ये १९४२ साली व्ही. शांताराम यांचं राजकमल कलामंदिर उभं राहिलं. सिनेमाच्या सेटवर लाकडाला आणि कापडाला दगडाचं रूप देतात, तेही कॅमेरा कुठे आहे ते बघूनच. मूर्तीच्या बाबतीत कॅमेऱ्याची जागा भक्ताची असते, एवढाच फरक.

मूर्तीवर काम कसं चालतं ते पाहू. पॉलिश पेपरने घासून मूर्ती गुळगुळीत करायची, मग पांढरा हात द्यायचा. त्यावर अंगाचा रंग फवाऱ्याच्या गनने. नंतर शेडिंग : सोंडेच्या वळ्या, बोटांच्या बेचक्या, पोटाखालचा भाग थोडा गडद. रंगाचा बारीक फवारा मारणारं हत्यार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निघालं आणि फोटो सुधारण्यासाठी वापरलं गेलं. विमानाच्या मॉडेलवर आणि आपल्या बाप्पावर त्याचीच भावंडं चालतात.

डोळ्यांना मात्र हातातला ब्रशच लागतो. याला म्हणतात आखणी, आणि ती शेवटी होते. बुबुळ किंचित खाली झुकवायचं, म्हणजे नजर भक्तावर येते. काळ्यावर पांढरा ठिपका पडला की डोळा ओला वाटतो. साचा तोच असला तरी आखणाऱ्याचा हात बदलला की चेहरा बदलतो. लालबागच्या राजाची चेहरेपट्टी कांबळी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि लोक ती लांबून ओळखतात, ते उगाच नाही.

आता अडचण कुठे आहे? २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्ती आणि विषारी रंग यांना मनाई केली. पाण्याचा विचार केला तर ते योग्यच आहे, आम्हाला त्यात वाद नाही. पण शाडू हळू वाळतो, आत ओल राहिली तर रंग सुटतो, आणि उंच मूर्ती मातीत पेलणं कठीण. म्हणजे हातांना पुन्हा नव्याने शिकावं लागणार. त्यातच गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि मूर्तिशाळेचा मांडव घालायला मोकळी जागा मिळेनाशी झाली. हे काम पुस्तकातून येत नाही. परांचीवर उस्तादाच्या शेजारी बसून येतं. मांडवच राहिला नाही, तर पोरगा बसणार कुठे?

मंदिरांचा, किल्ल्यांचा इतिहास आपण लिहितो. दहा दिवसांत विसर्जन होणाऱ्या मूर्तीवरच्या रंगाचा लिहीत नाही. जे विरघळतं त्याची नोंद माणसांच्या हातातच राहते. ते हात आज आपल्यात आहेत, तोवर त्यांना विचारून घेऊ, लिहून ठेवू. आणि येत्या भाद्रपदात मूर्तीसमोर उभे राहाल तेव्हा आपल्याकडे वळलेली ती नजर कोणी आखली असेल, एवढं एकदा मनात आणा.