फिलाडेल्फियाचे सेंट्रल हायस्कूल : नगराची शाळा आणि तिचे हक्कदार

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सार्वजनिक शाळा, म्हणजे लोकांच्या करांतून चालणारी आणि शुल्क न घेणारी शाळा, ही गोरगरिबांची सोय समजली जात असे आणि सधन घरांतील मुले खाजगी अकादमींत शिकत असत. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १८३६ सालच्या कायद्याने या शहरात एक मध्यवर्ती हायस्कूल काढण्याची मुभा दिली आणि १८३८ च्या ऑक्टोबरमध्ये सेंट्रल हायस्कूल सुरू झाले. प्राथमिक वर्ग संपवून प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुलांतून येथे निवड होई. त्यामुळे खालच्या शाळांनाही आपला अभ्यास सुधारणे भाग पडले.

शाळेची घडी बसवली ती अलेक्झांडर डॅलस बाख यांनी. बेंजामिन फ्रँकलिन यांचे पणतू असलेले हे भौतिकशास्त्रज्ञ युरोपातील शिक्षणसंस्थांची पाहणी करून नुकतेच परतले होते, आणि प्राचीन भाषांइतकेच विज्ञान, आधुनिक भाषा व चित्रकला यांना महत्त्व देणारा अभ्यासक्रम त्यांनी आखला. रेम्ब्राँ पील यांच्यासारखा नामवंत चित्रकार येथे रेखाटन शिकवीत असे. पुढे थोर चित्रकार ठरलेले टॉमस एकिन्स १८६१ साली याच शाळेतून बाहेर पडले. शाळेच्या वेधशाळेत म्युनिकहून आणलेली दुर्बीण बसवलेली होती. त्या काळी अमेरिकेतील कित्येक महाविद्यालयांनाही अशी वेधशाळा लाभली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे नगराने या शाळेवर किती विश्वास टाकला होता ते कळते. १८३९ साली जोसेफ सॅक्स्टन यांनी टांकसाळीच्या खिडकीतून शाळेच्या इमारतीचे डागेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटवलेले छायाचित्र, घेतले. अमेरिकेत काढलेल्या आणि आज उपलब्ध असलेल्या छायाचित्रांत ते सर्वांत जुने मानले जाते.

१८४९ च्या कायद्याने शाळेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, जो अमेरिकेतील हायस्कुलांत अत्यंत दुर्मीळ आहे. पात्र विद्यार्थ्यांना ती आजही बी.ए. ही पदवी देते आणि तिच्या प्रमुखांना अध्यक्ष म्हटले जाते. शाळेने आपली जागा तीन वेळा बदलली. १९०२ साली तिच्या तिसऱ्या इमारतीच्या समर्पणाला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आले होते, आणि १९३९ पासून ती ओगाँट्झ व ओल्नी या रस्त्यांच्या चौकातील चौथ्या वास्तूत आहे. तत्त्वज्ञ अ‍ॅलेन लॉक, वास्तुविशारद लुई कान आणि भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की हे येथलेच विद्यार्थी.

ही सारी समृद्धी मात्र मुलांपुरतीच होती. मुलींसाठी वेगळे गर्ल्स हायस्कूल होते, आणि दोन्ही शाळा समान दर्जाच्या आहेत असे शिक्षणमंडळ म्हणत राहिले. सेंट्रलमध्ये प्रवेश नाकारल्या गेलेल्या एका विद्यार्थिनीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ साली तेथे न्यायाधीशांची मते चार विरुद्ध चार अशी विभागली गेल्याने प्रवेशबंदी कायम राहिली. पुढच्या खटल्यात समानतेचा हा दावाच तपासला गेला आणि ग्रंथसंख्या, आवाराचा विस्तार, शिक्षकांची विद्वत्ता अशा मोजता येणाऱ्या गोष्टींत मुलींची शाळा मागे असल्याचे दिसून आले. करांचा पैसा सर्वांचा असताना त्यातून उभी राहिलेली दुर्बीण आणि ग्रंथालय निम्म्या नगराला दीड शतक बंद ठेवणे, हा या उज्ज्वल इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय होय. न्यायालयाच्या निकालानुसार १९८३ साली सहा मुलींनी सेंट्रल हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला.